खोटा रिझल्ट परत कोण घेणार? अधिवेशनासाठी नागपूरला येणाऱ्या आमदारांना खुलं पत्र

सन्माननीय आमदार साहेब आणि ताई,

विधानसभेतले, विधान परिषदेतले, सत्तेतले, विरोधातले, सगळ्यांनाच लिहून राहिलो, कारण या विषयात दोन्ही बाजूंनी सारखंच दुर्लक्ष केलेलं आहे.

तुम्ही डिसेंबरात इकडे येता तेव्हा सिव्हिल लाइन्सचे रस्ते रातोरात गुळगुळीत होतात, आमदार निवासाला रंग लागतो, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि विधानभवनाच्या बरेच अलीकडे अडवले जातात. याची आम्हाला सवय आहे, त्याची तक्रार नाही. मला बोलायचं आहे खोट्या रिझल्टबद्दल. फक्त परीक्षेचा रिझल्ट नाही हो, ज्या ज्या कागदावर सरकार म्हणतं की आम्ही तपासलं आणि हे असं निघालं, ते सगळं. लॅबचा रिपोर्ट, पंचनामा, पीक कापणीचा आकडा, पाण्याचा नमुना, शाळेची पटसंख्या.

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका प्रायव्हेट मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये काम करतो. सिमेंट, सळ्या, माती आणि सगळ्यात जास्त कॉन्क्रीटचे क्यूब, कारण आपल्या शहरात सिमेंट रोडची कामं काही संपत नाहीत. काम साधं आहे. १५ सेंटिमीटरचा क्यूब, २८ दिवस पाण्यात ठेवायचा, मग मशीनमध्ये फुटेपर्यंत दाबायचा आणि किती लोडला फुटला ते लिहायचं. तीन क्यूब मिळून एक सॅम्पल. आयएस ४५६ या कॉन्क्रीटच्या भारतीय मानकात लिहिलेलं आहे की तिघांपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांच्या पलीकडे गेला तर ते सॅम्पलच धरायचं नाही. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही माहीत होतं की खरे आकडे वरखाली होतातच, एकाच मिक्सरमधल्या मालाचे तीन क्यूब ४३, ४७ आणि ४१ मेगापास्कल (ताकदीचं माप) असे फुटू शकतात. जो माणूस घरी बसून आकडे लिहितो तो मात्र ४२.१, ४२.३, ४२.२ असं लिहितो, त्याला वाटतं नीटनेटकं दिसलं की खरं वाटेल. आमच्या धंद्यातल्या माणसाला असा कागद बघितल्या बघितल्या कळतो बाप्पा.

आमच्या रिपोर्टच्या खाली एका माणसाचं नाव असतं, ऑथोराइज्ड सिग्नेटरी. एनएबीएलचे, म्हणजे लॅबला मान्यता देणाऱ्या मंडळाचे, असेसर येतात तेव्हा ते छापील रिपोर्ट बघतच नाहीत, ते थेट रॉ डेटाचं रजिस्टर मागतात, हा क्यूब कोणत्या तारखेला कोणी फोडला, त्या दिवशी मशीनचं कॅलिब्रेशन चालू होतं का, खाडाखोड कोणी केली, तिथे सही आहे का. घोळ सापडला की मान्यता लटकते आणि मान्यता गेली की धंदा गेला. याचा अर्थ आम्ही सगळे हरिश्चंद्र आहोत असा नाही. क्यूब न फोडता रिपोर्ट देणारे आमच्यात आहेत, आणि साइटवर रोडसाठी एक माल अन् टेस्टिंगच्या क्यूबसाठी दुसरा, जरा जास्त सिमेंटचा माल कालवणारे तर विचारूच नका. पण पकडला गेला तर कोण, याचं उत्तर कागदावर असतं.

आता सरकारी बाजू. एका सरकारी कामाची फाइल माझ्यासमोर आली होती, कोणत्या खात्याची ते सोडा, वर्षभराचे क्यूब रिझल्ट एकमेकांपासून अर्ध्या पॉइंटच्या आत, उन्हाळा पावसाळा हिवाळा सगळं एकच. मी म्हटलं साहेब हे शक्य नाही. साहेब म्हणाले, फाइल कम्प्लीट आहे ना, मग झालं. बरं साहेब वाईट माणूस नव्हता, त्याच्या डोक्यात हिशेब एवढाच की ऑडिटवाला कागद आहे की नाही बघतो, खरा आहे की नाही बघत नाही. त्या रिझल्टच्या खाली तीन-चार सह्या होत्या, सादर केला, तपासला, शिफारस केली, मंजूर. उद्या तो रोड उखडला तर प्रत्येक जण बोट दाखवणार, मी फक्त पुढे पाठवलं. एवढ्या सह्या असल्या की जबाबदार कोणीच नसतो हे तुम्हाला मी काय सांगायचं, मंत्रालयात तुम्ही रोज बघता.

कोणी म्हणेल प्रायव्हेटवाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे. बरोबर आहे. सत्यम ही आयटी कंपनी घ्या. ७ जानेवारी २००९ ला चेअरमननं स्वतःच पत्र लिहून सांगितलं की ताळेबंदात दाखवलेले ५,०४० कोटी रुपये कॅश आणि बँकेत नाहीतच. पुढे काय झालं बघा, काही दिवसांत केंद्र सरकारनं अख्खं संचालक मंडळ बरखास्त केलं, एप्रिलमध्ये कंपनी दुसऱ्याकडे गेली, आणि एप्रिल २०१५ मध्ये चेअरमनसह दहा जणांना सात-सात वर्षांची शिक्षा लागली. महिन्याभरानं शिक्षेला स्थगिती अन् जामीन मिळाला हेही खरं, त्यामुळे फार टाळ्या वाजवायचं कारण नाही. पण त्या प्रकरणानंतर कायदा बदलला. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम ४४७ आलं, फ्रॉडला दहा वर्षांपर्यंत कैद आणि रकमेच्या तिपटीपर्यंत दंड, लोकहिताचा संबंध असेल तर किमान तीन वर्षं. डायरेक्टरला दरवर्षी लिहून द्यावं लागतं की हे आकडे आमच्या जबाबदारीवर आहेत. ऑडिटरला मोठा फ्रॉड दिसला तर केंद्र सरकारला कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे, गप्प बसला तर त्यालाही दंड.

सरकारी खात्याच्या कोणत्या वार्षिक अहवालावर कोणी असं लिहून देतो का, की यातले आकडे माझ्या जबाबदारीवर आहेत आणि खोटे निघाले तर मला पकडा? मी तरी पाहिलेला नाही.

पण प्रायव्हेटचंही एक नीट बघितलं पाहिजे, आणि इथे माझं मत थोडं वेगळं आहे. अमेरिकेत थेरानोस नावाची कंपनी होती, बोटाच्या थेंबभर रक्तातून ढीगभर टेस्ट करतो म्हणायची. मशीन चालतच नव्हती, रुग्णांना चुकीचे रिपोर्ट गेले. मालकीणबाईला २०२२ मध्ये अकरा वर्षांहून जास्त शिक्षा झाली, पण कशासाठी? गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून ज्युरीनं तिला सोडलं. रॅनबॅक्सी या औषध कंपनीचं तसंच, औषधांच्या टेस्टिंगचा डेटा खोटा दिला म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले, पण तुरुंगात एकही साहेब गेला नाही. म्हणजे प्रायव्हेटमध्ये जाब विचारला जातो तो ज्याचा पैसा बुडाला त्याच्या जोरावर. शेअरवाला चिडतो, तो शेअर विकू शकतो, वकील लावू शकतो, म्हणून यंत्रणा हलते. ज्यानं ती गोळी खाल्ली तो तिथेही शेवटच्याच रांगेत.

आणि सरकारी रिझल्टचा गिऱ्हाईक तर कायमच त्या रांगेत आहे, त्याच्याकडे विकायला शेअरही नाही. तलाठी आवडला नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचा तलाठी घेता येत नाही.

तलाठ्याचं नाव निघालंच आहे तर पीक कापणीचं बोलू, कारण हे तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या मतदारसंघात दरवर्षी घडतं आणि भाषणं मात्र सगळी विमा कंपनीच्या नावानं होतात. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला पीक विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर आली. म्हणजे महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) काही निवडलेल्या शेतांमध्ये ठराविक मापाचा प्लॉट आखायचा, तिथलं पीक कापायचं, वजन करायचं, आणि त्या मोजक्या वजनांवर अख्ख्या महसूल मंडळाच्या सोयाबीनवाल्यांना पैसे मिळतील की नाही ते बरंचसं ठरणार. ते वजन करायला जावं लागतं, ठरलेल्या शेतात, ठरलेल्या दिवशी, ऊन-पाऊस बघून. काही जण प्रामाणिकपणे जातात, मी स्वतः असे कृषी सहायक ओळखतो. आणि काही प्रयोग पारावर बसून होतात हे उमरेड-भिवापूरकडच्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. आकडा दोन किलोनं वर लिहिला गेला तर उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते ती पातळी, ओलांडलं आणि हजारो लोकांची भरपाई गेली. विमा कंपनी म्हणते आकडा सरकारचा, सरकार म्हणतं पैसे कंपनीचे. शेतकऱ्याला तो फॉर्म बघायलासुद्धा माहितीचा अधिकार टाकावा लागतो.

पैसेवारीचं, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं या सरकारी अंदाजाचं, तेच. नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, आणि आपल्या नागपूर-अमरावती विभागाची अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला, म्हणजे तुमचं अधिवेशन उरकतं न उरकतं तोच. ५० पैशांच्या खाली की वर यावर जमीन महसुलातली सूट, कर्जाचं पुनर्गठन, पंपाच्या बिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी, सगळं अडकलेलं असतं. ४९ आणि ५१ मधला फरक कोणी ठरवला, कोणत्या वजनावर ठरवला, हे जाहीर करताना कोणाचंच नाव नसतं, फक्त जिल्हाधिकारी कार्यालय असं असतं. कार्यालय कधी जेलमध्ये जात नाही.

पकडलंच कोणाला तर काय होतं तेही सांगतो, तुम्हाला पाठ असेल तरी सांगतो. निलंबन. पहिले तीन महिने अर्धा पगार, मग चौकशी लांबली की पाऊण. म्हणजे घरी बसून पाऊण पगार, आणि चौकशी लांबवणारा दुसरा कोणीतरी. खटला भरायला मंजुरी लागते, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला कलम १७अ आलं त्यानं अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी सुरू करायलाच आधी परवानगी लागते. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे आपल्या १९८२ च्या पेन्शन नियमातला नियम २७, माणूस रिटायर झाल्यावर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेसाठी त्याच्यावर नव्यानं विभागीय चौकशीच लावता येत नाही. आता पूल, रोड, टाकी, यांचा खोटा रिपोर्ट बाहेर येतो तो बांधकाम खचल्यावर, आणि ते काय चार वर्षांचं कॅलेंडर बघून खचतं?

हे संरक्षण अजिबातच नको असं माझं म्हणणं नाही. राज्यघटनेचं कलम ३११ आहे, चौकशीशिवाय नोकरीवरून काढता येत नाही, म्हणून प्रामाणिक अधिकारी तुमचा फोन आल्यावरही नाही म्हणू शकतो. राग नका मानू, पण खोट्या रिझल्टच्या मुळाशी बऱ्याचदा तो फोनच असतो, किंवा टार्गेट असतं. अमेरिकेतल्याच अटलांटा शहरात २००९ मध्ये सरकारी शाळांच्या परीक्षेत शिक्षकांनीच पोरांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली, ४४ शाळा, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक, कारण मार्क वाढले नाहीत तर नोकरी जाईल असं वरून दडपण होतं आणि वरच्या बाईंना त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम शिक्षणाधिकारी म्हणून पुरस्कारही मिळाला होता. पकडलं कशावरून, तर चुकीचं खोडून बरोबर केल्याच्या खुणा अशक्य वाटाव्या इतक्या जास्त होत्या. बघा, पुन्हा तेच, फार गोंडस आकडे. २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले, संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली.

आपल्याकडेही पकडतात, नाही असं नाही. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली, परीक्षेचं काम घेतलेल्या प्रायव्हेट कंपनीच्या डायरेक्टरलाही झाली, आणि पुढच्या वर्षी सात हजार आठशेच्या वर उमेदवार बाद केले. चांगलं झालं. (जे म्हणतात सगळं प्रायव्हेटला देऊन टाका म्हणजे सुधरेल, त्यांनी हे प्रकरण आणि २०२१ च्या हरिद्वार कुंभातल्या कोरोना टेस्ट दोन्ही वाचावं, तिथे प्रायव्हेट लॅबनी सरकारसाठी केलेल्या टेस्टपैकी प्राथमिक चौकशीत लाखभर बोगस निघाल्या, एकाच घर नंबरवर पाचशेच्या वर सॅम्पल. उघड कसं झालं, तर पंजाबातल्या एका माणसाला तो तिकडे गेलाच नसताना टेस्ट झाल्याचा मेसेज आला म्हणून.) आणि आमच्या नागपूर विद्यापीठाचं १९९९ चं रिव्हॅल्युएशनमध्ये मार्क वाढवल्याचं प्रकरण तर इथल्या पन्नाशीतल्या कोणालाही विचारा, खटले वर्षानुवर्षं चालले.

पण या सगळ्यात एक गोष्ट कधीच झाली नाही, आणि त्याच्यासाठीच हे पत्र आहे. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याकडे परत कोणी गेलं नाही. टीईटीत ज्याचे मार्क वाढवून दिले त्याला बाद केलं, ठीक. पण त्याच्यामुळे जो खरा पास झालेला पोरगा शाळेबाहेर राहिला, आणि आता कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवून राहिला किंवा डिलिव्हरी करून राहिला, त्याला सरकारनं कधी चिठ्ठी पाठवली का की बाबा तुझ्यावर अन्याय झाला, ये? फोक्सवॅगननं गाड्यांच्या धुराच्या टेस्टमध्ये केलेली लबाडी २०१५ मध्ये उघड झाली तर जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्यांची यादी निघाली, लाखो गाड्या परत बोलावल्या, दुरुस्त कराव्या लागल्या. कंपनीला आपली गाडी कोणाकोणाकडे गेली हे माहीत असतं. सरकारलाही माहीत असतं की आपला खोटा आकडा कोणाकोणाला लागला, सातबाराच्या यादीत नावं आहेत, हॉल तिकिटाचे नंबर आहेत. तरी सरकारी रिझल्टला रिकॉल नाही.

होऊच शकत नाही असं म्हणू नका. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी लॅबमधली एक केमिस्ट, २०१२ मध्ये पकडली गेली, ती ड्रग्जचे नमुने न तपासताच पॉझिटिव्ह लिहायची. तिचा कामाचा वेग बाकीच्यांच्या कितीतरी पट होता आणि वर्षानुवर्षं वरिष्ठांना त्याचं कौतुकच वाटत होतं. तिला तीन ते पाच वर्षांची शिक्षा झाली, ती काही फार नाही. पण तिथे गोष्ट थांबली नाही. तिच्या रिपोर्टवर ज्यांना ज्यांना दोषी ठरवलं होतं ती सगळी प्रकरणं काढली, आणि २०१७ मध्ये २१ हजारांच्या वर केसेस एकदम रद्द झाल्या. सरकारनं आपणहून केलं नाही, सरकारी वकील शेवटपर्यंत कुरकुर करत होते, कोर्टानं करायला लावलं. एका माणसाच्या खोट्या सहीचा मागोवा घेत २१ हजार दारांपर्यंत जाता आलं, कारण प्रत्येक रिपोर्टवर तिचं नाव होतं.

म्हणून माझं मागणं शिक्षा वाढवायचं नाही. शिक्षा वाढवली की तुम्ही दोन दिवस पेपरात येता आणि पुढे काही होत नाही. मला हवं ते कंटाळवाणं आहे. प्रत्येक सरकारी रिझल्टवर, मग तो क्यूबचा असो की सोयाबीनचा, ज्यानं प्रत्यक्ष मोजलं त्याचं एक नाव आणि ज्यानं खातरजमा केली त्याचं एक नाव, बस, सात सह्या नकोत. मूळ नोंद, म्हणजे रॉ डेटा, फोटो आणि वजनासकट, आपोआप उघडी, अर्ज न करता. दरवर्षी काही टक्के रिझल्ट दुसऱ्या जिल्ह्याच्या टीमनं पुन्हा मोजायचे, आधी न सांगता. नियम २७ मधली चार वर्षं खोट्या रिपोर्टच्या बाबतीत घटनेपासून नाही तर खोटं उघड झाल्यापासून मोजायची. आणि रिझल्ट खोटा ठरला की साठ दिवसांत त्याचा फटका बसलेल्या लोकांची यादी काढून त्यांना लेखी कळवायचं आणि तो निर्णय पुन्हा करायचा, हे त्या खात्याच्या सचिवावर बंधनकारक.

आतून सांगणाऱ्याचंही बघा जरा. रॅनबॅक्सीचं बिंग फोडणारा इंजिनीअर मूळचा भारतीयच होता, पण त्याला संरक्षण आणि वसुलीतला वाटा मिळाला तो अमेरिकेच्या कायद्यानं. आपल्या संसदेनं व्हिसल ब्लोअर कायदा २०१४ मध्ये केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अजून लागूच केलेला नाही. तो केंद्राचा विषय आहे असं म्हणाल, पण राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी राज्याला काही करता येतच नाही असं थोडीच आहे. क्लार्कला माहीत असतं हो सगळं, काहून बोलेल तो, बदली गडचिरोलीला होते.

अधिवेशनात प्रश्न काय विचारायचा हे सुचत नसेल तर मी लिहूनच देतो, जसाच्या तसा टाका, नाव तुमचं लावा:

"गेल्या दहा वर्षांत राज्य शासनाच्या ज्या परीक्षा निकाल, गुणनियंत्रण अहवाल, पीक कापणी प्रयोग आणि पंचनाम्यांमध्ये खोट्या नोंदी झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले, त्या प्रत्येक प्रकरणात त्या नोंदींमुळे नुकसान झालेल्या व्यक्तींची संख्या किती, त्यांपैकी किती जणांना शासनाने लेखी कळविले, किती जणांच्या बाबतीत मूळ निर्णय बदलण्यात आला, आणि कळविले नसल्यास ते कळविण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर आहे?"

उत्तरात "माहिती संकलित करण्यात येत आहे" असं आलं तर पुढच्या अधिवेशनात परत टाका.

आपला,
हिंगण्याचा एक लॅबवाला